विश्लेषण : महायुद्धातले हेल्मेट खरे की बनावट?

खांदेश्वरहून हार्बरची लोकल पकडून सँडहर्स्ट रोडला उतरले, की चोरबाजार चालत गाठता येतो. तिथल्या जुन्या वस्तूंत उपड्या थाळीसारखे पोलादी हेल्मेट हाती लागले आणि दुकानदाराने ते ‘पहिल्या महायुद्धातले’ म्हणून पुढे केले, तर पैसे मोजण्याआधी काय तपासावे?

तारखा काय सांगतात?

जॉन ब्रॉडी यांनी या हेल्मेटचे पेटंट १९१५ मध्ये घेतले. वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांपासून डोके आणि खांदे वाचावेत म्हणून काठ रुंद. बंदुकीची गोळी अडवणे हा हेतू नव्हताच. ब्रिटिश सैनिकांना ते सप्टेंबर १९१५ पासून मिळू लागले. भारतीय पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन तर त्याच वर्षअखेरीस फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाकडे निघाल्या. तेव्हा ‘पणजोबांनी मार्च १९१५ मध्ये न्यव्ह शापेलच्या लढाईत घातलेले’ हेल्मेट कोणी विकत असेल, तर कहाणी खोटी समजावी.

चुंबक कशाला?

भंगारवाल्याची ही साधी युक्ती इथेही चालते. अगदी सुरुवातीची हेल्मेट साध्या पोलादाची होती. ऑक्टोबर १९१५ पासून हॅडफिल्ड यांचे मँगनीजयुक्त पोलाद आले. त्यात सुमारे १२ टक्के मँगनीज असते आणि त्याला चुंबक चिकटत नाही. १९१६ पासून काठाला साधी पट्टी बसवली गेली, तिला मात्र चिकटतो. मधल्या घुमटाला चुंबक घट्ट बसला, तर नक्कल असण्याचीच शक्यता जास्त.

तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्या महायुद्धातले ‘मार्क दोन’ दिसायला जवळपास तसेच. त्याचे अस्तर माथ्यावर स्क्रूने, तर जुन्याचे रिव्हेटने बसवलेले असते. त्यातही गोंधळ आहेच: जुन्या घुमटांना नवे अस्तर लावून ती पुन्हा वापरात आणली गेली. त्यामुळे काठाखालचे ठसे भिंगाने पाहावेतच.

डोक्यावर घालून पाहावे का?

नको. पहिल्या महायुद्धातल्या ब्रॉडी हेल्मेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आढळल्याने ब्रिटनमध्ये शाळांना ती मुलांच्या हाती न देण्याचा इशारा द्यावा लागला होता. अस्तर घासून साफ करणे तर त्याहून वाईट.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान १०० वर्षे जुनी वस्तू ‘पुरातन’ ठरते. १९१६ चे हेल्मेट त्या मर्यादेत बसते, १९४२ चे अद्याप नाही. पुरातन वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणूनही नाही.