तांबड्या नदीचे हिरवे पाणी

स्पॅनिश भाषेत 'कोलोराडो' म्हणजे तांबूस रंगाची. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटातून वाहणाऱ्या नदीला हे नाव पडले ते तिच्या गाळामुळे. पण ॲरिझोनातल्या लीज फेरी या ठिकाणी काठावर उभे राहून पाहाल, तर पाणी हिरवेगार आणि तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतके नितळ! त्यामागची हकिगत मला कळली ती मासे धरण्याच्या निमित्ताने.

माझी मुलगी नि जावई फिनिक्सला असतात. जावईबापूंना गळाचा भारी नाद. "बाबा, ऑक्टोबरातला लीज फेरीचा ट्राउट एकदा बघाच," असा त्यांचा आग्रह. परवाना काढला, एक होडीवाला ठरवला आणि निघालो. फिनिक्सला अजून उकडत होते. इथे मात्र पहाटे स्वेटर घालूनही दात वाजत होते. होडी प्रवाहाविरुद्ध निघाली. दोन्ही बाजूंना लालसर दगडाचे शेकडो फूट उंच कडे, वर आकाशाची निळी पट्टी, आणि पंधरा मैलांवर ग्लेन कॅन्यनचे धरण.

हिरव्या पाण्याचे मूळ या धरणात आहे. 1963 साली त्याचे दरवाजे बंद झाले. गाळ मागे सरोवरात बसू लागला. वीजघराकडे जाणारे पाणी भरल्या सरोवराच्या पृष्ठभागापासून सव्वादोनशे फूट खालचे, म्हणजे उन्हाचा स्पर्श नसलेले. पूर्वी उन्हाळ्यात पंचवीस अंशांच्या वर तापणारी गढूळ नदी बारा महिने आठ-दहा अंशांवर वाहू लागली. वाळवंटात हिमालयातला ओढा आणून सोडावा तसेच झाले! मग 1964 पासून तिच्यात रेनबो ट्राउट सोडले. हा मासा मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडच्या थंड नद्यांतला. त्याला खाऊ म्हणून कोळंबीसारखे चिमुकले जीवही बाहेरून आणून टाकले. पाणी थंड, मासा पाहुणा आणि त्याचे जेवणही पाहुणेच.

छातीपर्यंतची रबरी विजार चढवून आम्ही उथळ पाण्यात उतरलो. इथे आमिष चालत नाही. चिलटाएवढी नकली माशी लावायची आणि गळाला उलटा दात असता कामा नये, असा नियम. होडीवाल्याने दोरा असा फेकला की माशी पाण्यावर अलगद उतरली. माझा दोरा दोनदा माझ्याच टोपीत अडकला, हे ओघाने आलेच. तासाभराने मात्र काठी वाकली आणि हाताला जो झटका बसला तो अजून आठवतो! चौदा-पंधरा इंचांचा मासा, अंगावर ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा. हात ओले करून होडीवाल्याने तो धरला, गळ काढला आणि सोडून दिला. हे ऐकून आमच्या सौ.ने पुढे कपाळाला हात लावला. "धरायचा आणि सोडायचा? मग एवढा खटाटोप कशाला?" मासे खाणाऱ्या माणसाला याचे उत्तर देणे कठीण आहे.

दुपारी पाहतो तो आम्ही सकाळी उभे होतो तो गोट्यांचा पट्टा पाण्याखाली गेलेला. कोकणातल्या खाडीसारखी भरतीच! पण ही भरती चंद्राची नव्हे, विजेची. लांबच्या शहरांतून मागणी वाढली की धरणातून पाणी जास्त सुटते, घटली की ओसरते. काठाशी घातलेली किड्यांची अंडी त्यामुळे उघडी पडून वाळतात. 2018 च्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी शनिवार-रविवारी पाणी एका पातळीत ठेवण्याचा प्रयोग झाला. किड्यांना साप्ताहिक सुट्टी म्हणा ना!

आणि इथले मूळचे मासे? सहा फुटांपर्यंत वाढणारा पाइकमिनो ग्रँड कॅन्यनमधून नाहीसा झाला. मानेमागे उंचवटा असलेला हंपबॅक चब मात्र तगला. मुख्य नदी थंडावली तेव्हा खाली साठेक मैलांवर मिळणाऱ्या लिटल कोलोराडो या उबदार उपनदीने त्याला आसरा दिला. 2021 साली त्याला सर्वाधिक धोक्यातल्या प्राण्यांच्या वर्गातून एक पायरी खाली आणले.

तोवर दुष्काळाने सरोवर आटत चालले होते. पृष्ठभाग खाली आला, तसे वीजघराकडे वरचे उबदार पाणी जाऊ लागले. त्याबरोबर सरोवरातला स्मॉलमाउथ बास हा खादाड मासाही धरणातून पार होऊ लागला. 2022 साली धरणाखाली त्याची पिल्ले सापडली. हा खाली चबपर्यंत पोचला तर त्याची पिल्ले गिळणार. म्हणून 2024 च्या उन्हाळ्यात विजेवर पाणी सोडून, तळाशी असलेल्या वेगळ्या नळांतून थंड पाणी नदीत मिसळले. ज्या गारठ्याने चबचे बाकीचे घर हिरावले, तोच आता त्याच्या दाराशी पहाऱ्याला ठेवायचा!

परतताना मी होडीवाल्याला विचारले, "तुझा कल कुणाकडे? ट्राउट की चब?"

"पोट ट्राउटवर आहे," तो म्हणाला. "पण चब इथला आहे."

धक्क्याला लागल्यावर त्याने दोरी बांधलेले तापमापक पाण्यात सोडले. थोडा वेळ थांबून वर काढले, चष्मा सरसावून पाहिले. सोळा अंश.

"ट्राउटला चालेल," तो म्हणाला, "पण बासलाही चालायला लागेल." आणि वहीत आकडा टिपून तो होडी धुवायला लागला.