वाळूजच्या ड्रेसिंग रूममधला दिवस

सकाळी आठ. रात्रपाळीच्या सिस्टर ट्रे लावून गेलेल्या असतात, तरी मी आधी सलाईनच्या बाटल्या बघतो. काल उघडलेली, अर्धी उरलेली असेल ती सरळ टाकायची. ‘‘एवढं चांगलं सलाईन!’’ म्हणून कुणीतरी हळहळतंच.

नऊला मधुमेही पावलांची रांग. बजाजनगरातले निवृत्त कामगार, गंगापूरकडचे शेतकरी. ‘‘मामा, घरी काय लावलं?’’ हळद, कॉफी, टूथपेस्ट, उत्तरं ठरलेली. ते सगळं हळूहळू भिजवून काढायचं. गुलाबी मांस धरू लागलेल्या जखमेवर जोराची धार मारायची नाही.

साडेदहाला प्रेसशॉपमधला पोरगा येतो. बोटाला फडकं, फडक्याला कूलंटचा वास. डॉक्टर बोट बधिर करतात आणि पुढचं काम माझं. २० मिलीची सिरिंज, तिला इंट्राकॅथची हिरवी, १८ नंबरची नळी. सुई आधीच काढलेली, म्हणजे कुणाला टोचायची भीती नाही. नळी चहाच्या कागदी कपाच्या बुडातून ओवायची आणि कप जखमेवर पालथा धरायचा. उडालेलं रक्त कपातच राहतं. तरी गॉगल आणि मास्क हवेतच. कंपन्यांचे तयार शिल्ड मिळतात, पण छोट्या दवाखान्याच्या खरेदीत ते बसत नाहीत.

मळलेल्या जखमेला दर चौरस इंचाला साधारण आठ पौंड दाब लागतो. कमी पडला तर घाण निघत नाही, फार झाला तर तीच घाण आत घुसते. आणि सेंटिमीटरमागे ५० ते १०० मिली सलाईन. तीन सेंटिमीटरच्या कापाला सिरिंज निदान आठ वेळा भरायची. लोक कंटाळतात ते इथेच. पाचव्या-सहाव्या धारेला किडनी ट्रेमध्ये चकाकता लोखंडी बुरादा उतरतो.

‘‘ब्रदर, नुसतं पाणीच मारता का? जळजळणारं काहीतरी लावा ना!’’

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून माणसाला बरं वाटतं, पण तो जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही मारतो. मी पुढची सिरिंज भरतो.

दुपारी एकला कुत्रा चावलेल्या मावशी येतात, शहरातून. तिथे नळ कित्येक दिवसांनी येतो. ‘‘पाणीच नव्हतं, म्हणून पुसून घेतलं.’’ बेसिनपाशी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. रेबीजची लस त्यानंतर.

साडेतीनला पाळी सुटते आणि नगर रोडवरून दुचाकीवाले येतात. गुडघ्यात मुरूम रुतलेला. हाड बाहेर दिसत असेल तर वरवर धुऊन, ओल्या गॉजनं झाकून घाटीला, म्हणजे शहरातल्या सरकारी रुग्णालयात, पाठवायचं. तिथे ऑपरेशन थिएटरात लिटरनं धुतात. अशा उघड्या फ्रॅक्चरच्या २,४४७ रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०१५ साली छापून आला. त्यात भारतातली रुग्णालयंही होती. जास्त दाबाच्या यंत्रानं फायदा दिसला नाही, आणि साबणापेक्षा साधं सलाईनच सरस ठरलं. महागड्या यंत्राचा हट्ट धरणाऱ्यांना मी हा अभ्यास आवर्जून ऐकवतो.

सहाला कचरा. रक्ताळलेलं गॉज पिवळ्या पिशवीत, सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात.

सातला प्रेसशॉपच्या सुपरवायझरचा फोन. ‘‘ब्रदर, उद्या पोराला मशीनवर घेऊ का?’’

‘‘कूलंट लागणार असेल तर नाही.’’

‘‘बरं, मग पॅकिंगला बसवतो.’’