पांढरा कावळा

सकाळची वेळ आहे. ठाकूरद्वारच्या एखाद्या जुन्या चाळीच्या कठड्यावर कावळे येऊन बसले आहेत. कोणी शिळ्या पोळीचा तुकडा टाकतो आणि एकच गलका होतो. समजा, त्या काळ्या घोळक्यात एक कावळा पांढराफटक दिसला, तर? ‘हे कबूतर असेल’ असे एक जण म्हणेल. दुसरा त्याला अपशकुनी ठरवील, आणि एखादा खोडकर मुलगा दगड उचलावयासही कमी करणार नाही. असे पक्षी विरळा, पण निसर्गात ते खरोखरच आढळतात.

पक्ष्यांच्या पिसांतील काळा, करडा व तपकिरी रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. काही पक्ष्यांच्या शरीरात हे द्रव्य जन्मतःच तयार होत नाही. अशा पक्ष्यास ‘आल्बिनो’ म्हणतात. त्याची पिसे, चोच, पाय सारेच फिके असतात. आणि डोळ्यांतही मेलॅनिन नसल्यामुळे आतील रक्ताचा रंग दिसून डोळे तांबूस भासतात. दुसऱ्या काही पक्ष्यांत मेलॅनिन तयार होते, परंतु ते बनविणाऱ्या पेशी कातडीत नसतात. म्हणून पिसे पांढरी निघतात, कधी सर्वांगावर, तर कधी केवळ पंखावर किंवा डोक्यावर. यांना ‘ल्युसिस्टिक’ हे नाव आहे. यांचे डोळे मात्र नेहमीसारखेच काळेभोर राहतात. याखेरीज मेलॅनिन थोडेच उतरल्यामुळे धुळकट रंगाचे झालेले कावळेही असतात. पोटाला सकस अन्न न मिळाल्यानेसुद्धा एखादे पीस फिके निघते. पण ते झडून नवे आले की रंग परत येऊ शकतो.

तेव्हा पांढरा कावळा दिसला, की आधी त्याच्या डोळ्याकडे पाहावे. बहुतेक वेळा तो काळाच आढळेल. याचे कारण करुण आहे. आल्बिनो पक्ष्याची दृष्टी अधू असते, उजेड त्याला सोसवत नाही, आणि मोठे होण्यापूर्वीच बहुधा त्याचा अंत होतो. मेलॅनिन हे पिसांना बळकटीही देते. चौपाटीवर हिवाळ्यात पाहुणे म्हणून येणारे कुरव पक्षी नीट पाहा: अंग शुभ्र, पण पंखांची टोके काळी. उडताना जो भाग सर्वांत अधिक झिजतो, तेथेच निसर्गाने काळा रंग भरला आहे!

पोपटाची गोष्ट याहून गमतीची आहे. त्याच्या पिसांत मुळात पिवळे रंगद्रव्य असते. पिसांच्या रचनेमुळे आणि तळच्या मेलॅनिनमुळे निळी छटा उमटते व दोन्ही मिळून हिरवा रंग दिसतो. मेलॅनिन नाहीसे झाले, की निळी छटा जाते आणि पोपट पांढरा न होता हळदीसारखा पिवळा होतो. त्याची चोच मात्र लालच राहते.

परंतु प्रत्येक पांढरा पक्षी असा वर्णहीन नसतो. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर बगळ्याची एक जात राहते. तिच्यातील काही पक्षी पाटीसारखे काळपट, तर काही दुधासारखे पांढरे असतात. दोन्ही निरोगी, दोन्ही एकाच जातीचे. आणि कधी कधी आपल्याला जे ‘विचित्र रंगाचे’ वाटते, ती निराळीच जात असते.

याचा अनुभव ठाकूरद्वारापासून जवळच, खेतवाडीत वाढलेल्या एका मुलाला आला. त्याने आपल्या हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. ती नेहमीच्या चिमणीसारखीच होती, परंतु तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. ही संस्था 1883 साली स्थापन झाली होती आणि तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. मिलार्डसाहेबांनी ती चिमणी पिवळ्या कंठाची म्हणून ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेले कप्पे त्या मुलापुढे उघडून दाखविले. तो मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. त्यांचा जन्म 1896 चा. 1941 साली त्यांनी भारतीय पक्ष्यांवर लिहिलेले पुस्तक आजही अभ्यासक हाताळतात.

आज त्यासाठी बंदुकीची मुळीच गरज नाही. वही, पेन्सिल आणि थोडी चिकाटी पुरे. रंग फसवा असेल, तर बाकीच्या खुणा पाहाव्यात. पांढऱ्या कावळ्याची चोच कबुतराच्या चोचीहून कितीतरी जाड असते. तो मान तिरपी करून पाहतो, एका पायाने घास दाबून धरतो, आणि तोंड उघडले की ‘काव काव’च करतो. तो कोणाबरोबर बसतो, इतर कावळे त्याला टोचतात की सामावून घेतात, पांढरी पिसे दोन्ही पंखांवर सारखी आहेत की एकाच बाजूस, हे सारे तारीख व जागेसह टिपून ठेवावे. काही महिन्यांनी जुनी पिसे झडली, म्हणजे पुन्हा त्याच कठड्यावर त्याची वाट पाहावी. नवी पिसे काळी निघाली, तर त्याच्या पांढरेपणाचे कारण त्याच्या जन्मात नव्हते. ते त्याच्या अन्नात असण्याचा संभव अधिक.