खुर्च्या गोल मांडायचा दिवस

सकाळी ६.१५

हॉल उघडला तर खुर्च्या थिएटरसारख्या मांडून तयार. सहा ओळी, पांढरी कव्हरं, पाठीला सॅटिनचे गुलाबी बो. काल फोनवर दोनदा सांगितलं होतं की गोल हवाय. मांडववाल्या दादांना वाटलं, ताई घाईत काहीतरी बोलून गेल्या.

‘‘गोल केल्यावर निम्म्यांची स्टेजकडे पाठ होणार की.’’

‘‘होऊ दे.’’

साठ खुर्च्यांच्या एका गोलाचा व्यास चाळीस फुटांच्या आसपास जातो आणि हा हॉल पस्तीस फूट रुंद. म्हणून एकात एक असे दोन गोल आणि चार वाटा. वाटा नसल्या तर मागच्या गोलातला माणूस पुढे येऊन बोलत नाही, हे मला दोन कार्यक्रम फसल्यावर कळलं. बो काढायचे जादा पैसे पडतील म्हणाले, तेव्हा बो राहिले.

८.३०

नोंदणी. संघटना विकास आणि नेतृत्व या विषयावरचा मेळावा, त्यामुळे येणारे बहुतेक एच.आर.वाले, सल्लागार, थोडे कारखानदार. गळ्यातल्या पट्टीवर आम्ही फक्त नाव आणि गाव छापलंय. दहा मिनिटांत पहिली तक्रार आली : ‘‘माझं व्हाइस प्रेसिडेंट राहिलंय.’’ मुद्दाम ठेवलं नाही, असं सांगितल्यावर गृहस्थ हसले, बाजूला गेले आणि खिशातलं पेन काढून त्यांनी ते लिहून टाकलं. चाकणच्या एका कारखान्यातून एच.आर.प्रमुखांबरोबर त्यांचा एक सुपरवायझरही आलाय. त्याला पट्टीचं काही नव्हतं, पण बसायचं कुठे हे त्याने तीनदा विचारलं.

९.३०

समई पेटेना म्हणून पंखे बंद. सगळे घामाघूम. मग पाहुणे, एक निवृत्त अधिकारी. पहिली वीस मिनिटं खरोखर चांगली झाली. १९७४-७५मध्ये लार्सन अँड टुब्रोसाठी उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी काम केलं, माणसं वाढवण्यासाठी कार्मिक विभागापलीकडची वेगळी व्यवस्था हवी असं सांगितलं आणि एच.आर.डी. ही अक्षरं आपल्याकडच्या कंपन्यांत रुजू लागली, ते सारं त्यांनी छान उलगडलं. पण वीस मिनिटांनी ‘दोनच मिनिटं घेतो’ आलं. मराठी सभेत या वाक्यानंतर घड्याळ बघण्यात अर्थ नसतो. चिठ्ठ्या पाठवल्या, त्यांनी त्या वाचून नीट घडी घालून खिशात ठेवल्या. एकूण बावन्न मिनिटं झाली.

आता काय कापायचं? सहकारी म्हणाला, ‘‘चहा जागेवरच फिरवू, पंधरा मिनिटं वाचतील.’’ मी माझं व्याख्यान कापलं. चहाला हात लावायचा नाही. हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३च्या एका परिषदेच्या तयारीत वर्ष घालवलं आणि लोकांनी सांगितलं काय, तर चहा-कॉफीच्या सुट्ट्या सगळ्यांत चांगल्या झाल्या! १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीला त्यांनी तीच सुट्टी दिवसभर ताणली. लोक गोलात बसवले, समोर मोकळी भिंत ठेवली, विषय ज्याचे त्याने मांडायचे. याला ओपन स्पेस म्हणतात. नाव भारदस्त आहे. आपल्या पारावर हे नेहमीच चालतं, फक्त तिथे भिंतीवर वेळापत्रक लागत नाही.

११.१५

भिंत मोकळी, जमिनीवर कागद आणि स्केचपेनं. नियम सांगितला : जिथे आपण शिकतही नाही आणि कुणाला काही देतही नाही, तिथून उठून दुसऱ्या गटात जायचं. रागवायचं नाही. साहेब बोलत असताना उठायचं, हे आपल्याकडे जरा जडच.

मग शांतता. चार मिनिटं कुणी हललं नाही. आयोजकाच्या दिवसातलं खरं अवघड काम हेच. तोंड बंद ठेवायचं. सहकारी माझ्याकडे बघतोय, माइकवाला बघतोय, पाहुणे मोबाइल बघतायत. कोल्हापूरच्या शिरोली एम.आय.डी.सी.तून आलेल्या एका फाउंड्रीच्या जुन्या मॅनेजरनी शेवटी कागद उचलला : ‘मालकाचा मुलगा शिकून आला. आता मी काय करायचं?’ हशा पिकला आणि बांध फुटला. अर्ध्या तासात भिंतीवर अकरा कागद. दहावा सुपरवायझरचा होता : ‘कामगाराचा सुपरवायझर केला की तो दोन्हीकडून परका का होतो?’

१.१५

जेवण. जिलेबी ओली होती.

२.१५

दमट हवेने चिकटपट्ट्यांचे कागद भिंतीवरून गळतायत. मास्किंग टेप आणायला माणूस पिटाळला.

सुपरवायझरच्या गटात नऊजण. मी लांबच्या खुर्चीवर. त्याचे एच.आर.प्रमुख सांगत होते, ‘‘आमच्या सुपरवायझर मंडळींना आत्मविश्वास कमी पडतो, म्हणून आम्ही ट्रेनिंग घेतलं.’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, तसं नाही झालं. ट्रेनिंगहून आलो त्या दिवशी लाइनवरच्या पोरांनी माझ्याबरोबर डबा खायचं बंद केलं. आणि मॅनेजर लोकांच्या टेबलावर मला खुर्ची नव्हती. पंधरा दिवस मी स्टोअरमध्ये जेवलो.’’

साहेबांचं पेन थांबलं. मला माझं कापलेलं व्याख्यान आठवलं. १९४६च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनला मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी शिबिर घेतलं होतं. रात्री निरीक्षक मंडळी दिवसभरात कोण कसं वागलं याची चर्चा करायची. काही शिबिरार्थींनी विचारलं, आम्ही बसू का? लेविननी बसवलं. आपल्याबद्दलचं निरीक्षण ऐकून त्यातलं कुणी म्हणालं, असं नव्हतं ते. त्या वादात लोक दिवसाच्या सत्रांपेक्षा जास्त शिकले आणि पुढच्या टी-ग्रुपचं, म्हणजे गटात बसून एकमेकांच्या वागण्यावरून शिकायच्या पद्धतीचं, बीज तिथे पडलं. लेविन १९४७च्या फेब्रुवारीत गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेलला त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम सुरू केलं. हे सगळं मी वीस स्लाइडवर सांगणार होते. बरं झालं कापलं.

साहेब बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘स्टोअरमध्ये? मला कुणी सांगितलं नाही.’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही विचारलंत कधी?’’ त्यावर गटात कुणी काही जोडलं नाही, हे त्या गटाचं शहाणपण.

४.३०

समारोपाचा गोल. पाहुणे गेलेले, आभारप्रदर्शन मीच रद्द केलं आणि त्याबद्दल दोघांचा राग ओढवून घेतला. ‘सारांश ईमेलने मिळेल ना?’ हा प्रश्न पाच वेळा आला. मिळेल म्हटलं. डब्याची गोष्ट त्यात कशी लिहायची, ते अजून ठरलेलं नाही.

६.४०

मांडववाले दादा खुर्च्या परत ओळीत लावतायत, उद्या साखरपुडा आहे. गेटपाशी चाकणची गाडी कधीची उभी. साहेब आणि सुपरवायझर बाहेर कट्ट्यावर, ड्रायव्हर वैतागलेला. केटरर हिशेबाची वही घेऊन आले.

‘‘ताई, ताटं सात उरली. पण चहा तीनदा नव्याने टाकावा लागला. त्याचे वेगळे लावतोय.’’

‘‘लावा. आणि बाहेर दोन पाठवा.’’