गरोदरपणात बीपी वाढलंय आणि घोरणंही? डॉक्टरांना दोन्ही सांगा

सातव्या-आठव्या महिन्यात बाई घोरायला लागली की घरात आधी थट्टा होते. ‘दमते बिचारी’ म्हणून विषय संपतो. पण बीपी वाढलेलं असेल, तर हे घोरणं डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवं.

गरोदरपणात नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, वजन वाढतं, वाढतं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं. काहींचा घसा झोपेत इतका आक्रसतो की श्वासच अडतो. हाच स्लीप ॲप्निया. १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडणं किंवा बराच मंदावणं, असं तासाला सरासरी ५ किंवा जास्त वेळा झालं, तर तो धरला जातो. दर वेळी ऑक्सिजन घसरतो, शरीर दचकून जागं होतं आणि बीपी उसळतं. एरवी झोपेत बीपी उतरायला हवं, इथे उलटंच!

उपचार म्हणजे सीपॅप मशीन. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत जगासमोर आणली. नाकावरच्या मास्कमधून साधीच हवा हलक्या दाबाने आत जाते आणि घसा मिटू देत नाही. २००० मध्ये त्यांच्याच गटाने प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातल्या वाढत्या बीपीचा गंभीर आजार असलेल्या काही स्त्रियांना एक रात्र मशीनविना आणि दुसरी रात्र मशीन लावून तपासलं. मशीन लावल्यावर रात्रीचं बीपी कमी राहिलं.

अभ्यास लहान होता. सीपॅपने प्रीएक्लॅम्प्सिया बरा होतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यामुळे बीपीच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. मशीनही झोपेची तपासणी झाल्यावर, डॉक्टरांनी दाब ठरवून दिल्यावरच. मास्क पहिले काही दिवस नकोसा वाटतो, हेही खरं.

एक अडचण आपल्याकडची. बाळंतपणाला माहेरी गेलं की घोरणं ऐकणारा नवरा तपासणीला सोबत नसतो. मग आईला विचारा: श्वास मध्येच थांबतो का? गुदमरून जाग येते का? फोनवर आवाज रेकॉर्ड केला तर उत्तम. स्लीप ॲप्निया निघालाच, तर प्रसूतीआधी भूलतज्ज्ञांनाही सांगून ठेवा, कारण गुंगीच्या औषधांनी श्वास आणखी अडू शकतो.

आणि बीपी १६०/११० किंवा त्यावर गेलं, डोकं जोरात दुखायला लागलं, डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा बरगड्यांखाली दुखलं, तर मशीन लावून सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.