निमो नंतर, पाणी आधी!

कोपरला राहणाऱ्याने खारं पाणी विकत घ्यायचं, हे घरात कुणालाही पटणार नाही. पश्चिमेला थोडं चाललं की खाडी. मग मिठाच्या पिशव्या, मीटर, पंप हे सगळं कशाला? एक कॅन भरून आणायचा आणि टाकीत ओतायचा, झालं! सॉल्टवॉटर टँकचा विषय घरी काढलात की पहिला प्रश्न हाच येणार. प्रश्न चुकीचा नाही. आणि त्याचं उत्तर नीट कळलं, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे मुळीच घालायचे नाहीत हेही कळतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

खाडीचं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. उल्हास नदीचं गोडं पाणी आणि भरतीचं खारं पाणी यांची ती मिसळ आहे. भरतीला एक चव, ओहोटीला दुसरी आणि जुलैत पूर आला की जवळपास गोडंच. त्यात शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी. खाडीतली निवटी हे सगळं पचवते. चिखलात काय, पाण्यात काय, ती मजेत असते. क्लाउनफिश, म्हणजे तुमचा निमो, प्रवाळांच्या वस्तीतला. त्याला लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार लागतात, आजही आणि उद्याही. हा आकडा वरखाली झाला की पहिला फटका त्यालाच.

बरं, मग किराणा दुकानातलं मीठ? तेही नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. जाडं खडे मीठ समुद्राचंच असलं तरी मिठागरात नेमकं काय होतं बघा. पाणी आटत जातं तसं आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. म्हणजे मिठागरातून घरी येतो तो समुद्राचा एक तुकडा, अख्खा समुद्र नाही. अक्वेरियमच्या ‘मरीन सॉल्ट’मध्ये हे बाकीचे घटकही प्रमाणात असतात. त्याचेच पैसे तुम्ही देता. ते द्या.

आता टाकी. बजेट कमी म्हणून छोटी टाकी, हा हिशेब इथे उलटा चालतो. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागेच राहतं. १० लिटरच्या गोंडस क्यूबमधून लिटरभर पाणी उडालं तर ३५ चा आकडा थेट ३९ च्या आसपास जातो. ६० लिटरमधून तेवढंच उडालं तर ३५.६. मोठी टाकी तुमचा आळस पोटात घालते. त्यामुळे २४ बाय १२ बाय १५ इंचाची साधी काचेची टाकी घ्या. तिच्यात ७० लिटर मावतात. दगड, वाळू जाऊन ६० च्या आसपास पाणी उरतं. भरल्यावर सगळं मिळून ९० किलोच्या घरात जाईल. कॉम्प्युटर टेबल विसरा. आणि लोखंडी स्टँड असेल तर रंगाचा चांगला हात मारून घ्या, कारण मिठाचे थेंब त्याला खातात.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे मीठ कशात मिसळायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय शेवाळाला खाऊ घालणारे क्षारही. म्हणून आरओचं पाणी. घरी प्युरिफायर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. पिण्याचं पाणी चवदार लागावं म्हणून बऱ्याच मशीनमध्ये थोडं साधं पाणी परत मिसळलेलं असतं. काहीशे रुपयांचं टीडीएस मीटर बुडवून बघा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. शंभरच्या पुढे असेल तर मेकॅनिकला सांगून टीडीएस कमी करून घ्या किंवा दुसरीकडून पाणी आणा. एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी ‘डिस्टिल्ड’ म्हणून वापरायची आयडिया हमखास कुणीतरी देतं. ते तांब्याच्या कॉइलवरून येतं. तांब्याचा अंशही कोळंबी-गोगलगायींच्या जिवावर उठतो. नको.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त पडतो, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा खोटा. या यादीत ज्या एका वस्तूवर घासाघीस करू नये असं मला वाटतं, ती हीच. सोबत ३५ च्या प्रमाणाचं कॅलिब्रेशन द्रावण घ्या. डोळा लावून बघायचं यंत्रही अधूनमधून चुकतं.

यानंतर येते खरी गंमत. परदेशी व्हिडिओत दाखवलेली कुठलीही यादी उघडा, त्यात हीटर वरच्या तीन नंबरात असतो. ती यादी ओहायोतल्या बेसमेंटसाठी असते, कोपरच्या स्लॅबखालच्या खोलीसाठी नाही. आपल्याकडे हीटरची गरज जानेवारीतल्या मोजक्या रात्री पडली तर पडेल. आपला शत्रू मे महिना. या माशांना २५ ते २७-२८ अंश मानवतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी टाकीचं पाणी ३१-३२ वर सहज जातं. पाणी जितकं गरम आणि खारट, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि नेमकं तेव्हाच माशाला तो जास्त लागतो. चिलर हा खरा उपाय, पण एका चिलरच्या पैशात हा अख्खा टँक उभा राहतो. तो सोडा.

विद्यार्थ्याचा चिलर म्हणजे पंखा. टाकीच्या काठावर बसणारा छोटा क्लिप फॅन, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला. वाफ होताना पाणी उष्णता घेऊन जातं, माठाचं तत्त्व. दोन-तीन अंश उतरतात. दमट दिवसात हा परिणाम कमी होतो हेही लक्षात ठेवा. अशा वेळी झाकणाऐवजी जाळी, दुपारी लाइट बंद आणि अगदीच वेळ आली तर फ्रीजरमधली बर्फाची बाटली टाकीत तरंगत ठेवायची, तीही तासभर. एकदम पाच अंश उतरवलेत तर तो वेगळाच धक्का.

पंखा लागला की दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी उडू शकतं. ती भरपाई गोड्या आरओ पाण्यानेच करायची, मीठ घातलेल्या नाही. मीठ कुठे गेलेलं नसतं. त्यासाठीचं ऑटो टॉप-अप मशीन हजारोंना मिळतं. काचेवर मार्करने मारलेली रेघ दहा रुपयांत.

फिल्टरबाबतही दुकानदार जरा घाबरवतील. प्रोटीन स्किमर, रिअ‍ॅक्टर, यूव्ही... ६० लिटरच्या टाकीत दोन छोटे मासे असतील तर यातलं काही लागत नाही. काठाला टांगायचा साधा हँग-ऑन फिल्टर, त्यात स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज. जोडीला एक वेव्हमेकर, तासाला ६०० ते १२०० लिटर पाणी फिरवणारा. स्किमरचं काम तुमची बादली करते. दर आठवड्याला सहा-सात लिटर जुनं पाणी काढायचं, तेवढंच ताजं मिसळून घालायचं. सात लिटरला पाव किलो मीठ, म्हणजे महिन्याला एक किलो. विजेचंही घाबरू नका. फिल्टर आणि वेव्हमेकर मिळून १० वॅट, लाइट २० वॅट आठ तास, तर महिन्याला १२ युनिटच्या आसपास. मे महिन्यात पंख्याचे थोडे वर.

एक सांगायचं राहिलं. टाकीत जाणाऱ्या प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे घरंगळणारा थेंब सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली पडेल. खारं पाणी आणि वीज यांची मैत्री करायची नसते. आणि ‘देखभालीसाठी वीजपुरवठा बंद राहील’ असा मेसेज आपल्याकडे काही नवीन नाही, तेव्हा सेलवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

दगडांचा विषय नाजूक आहे. जुन्या लेखांत ‘लाइव्ह रॉक’ लिहिलेलं असतं, म्हणजे प्रवाळाचा, जिवाणूंनी भरलेला तुकडा. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली प्रवाळ संरक्षित आहेत. समुद्रातून ते काढणं, विकणं गुन्हा आहे. मुंबईत कोस्टल रोडचं काम सुरू झालं तेव्हा वरळी-हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळंही परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावी लागली होती. तेव्हा पिशवीत गुंडाळून ‘ओरिजिनल आहे, लक्षद्वीपचा’ असं कुणी सांगितलं तर पाय काढता घ्या. कृत्रिम सिरॅमिक किंवा सिमेंटचे अक्वेरियम रॉक मिळतात. दिसायला सुरुवातीला ओबडधोबड असतात, सहा महिन्यांत जांभळट होऊ लागतात. वाळू अ‍ॅरॅगोनाइटची, खाडीची किंवा बांधकामाची रेती नको. आणि जिवंत प्रवाळ पहिल्या वर्षी नकोतच. त्याने महागड्या लाइटचाही खर्च वाचतो. नुसत्या माशांना साधा पांढरा-निळा एलईडी पुष्कळ.

या सगळ्याची गोळाबेरीज ढोबळमानाने १४ ते १५ हजार होते. भाव दुकानागणिक बदलतात, घासाघीस तुमच्यावर. टाकी, लाइट, वेव्हमेकर सेकंडहँड घेतलेत तर बरंच खाली येईल. फक्त आधीच्या मालकाने टाकीत तांब्याचं औषध वापरलं होतं का ते विचारा. टेस्ट किट मात्र नवीन आणि एक्सपायरी बघूनच. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट या तीन चाचण्या पुरतात.

टाकी भरली, पाणी फिरतंय, सगळे मित्र येऊन बघून गेले. आता मासे? नाही. आता बाजारातून कोळंबीचा एक तुकडा आणा आणि टाकीत टाका. तो कुजतो, अमोनिया तयार होतो, तो खाणारे जिवाणू दगडावर वस्ती करतात, मग त्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे येतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. घरातले विचारतील, रिकाम्या टाकीकडे काय बघत बसलायस? बघत बसा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की टाकी तयार. हे महिना-दीड महिना फुकट असतात, तरी सगळ्यात जास्त टँक इथेच बुडतात. दुकानदार म्हणतो, ‘निळे डॅमसेल टाका, स्वस्त आहेत, मेले तरी काय.’ या वाक्यातला शेवटचा भाग नीट ऐका. समुद्री अक्वेरियमचे बरेचसे मासे आजही समुद्रातून पकडलेले असतात. मेले तरी काय, हा प्रश्न त्या माशाच्या बाजूने विचारून बघा. आणि वाचलेच तर हे डॅमसेल मोठे भांडखोर. पुढे आणलेल्या माशांना जगू देत नाहीत.

क्लाउनफिश घ्यायचं कारण नुसता सिनेमा नाही. तो माणसाच्या देखरेखीखाली अंड्यातून वाढवता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलं, आणि तुमच्या-आमच्यापासून ठाण्यापलीकडे ऐरोलीला, मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या समुद्री माशांच्या पैदाशीचं काम झालं आहे. दुकानात विचारायचं: ‘टँक-ब्रेड आहे का?’ उत्तर देताना दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला तर दुसरं दुकान. दोन छोटे घ्या. सगळे क्लाउनफिश जन्मतः नर असतात, त्यातला वरचढ पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी जमवायची काळजी मासेच घेतात. चांगले सांभाळले तर तुमचं पोस्ट-ग्रॅज्युएशन, पहिली नोकरी, कदाचित लग्नही ते बघतील. वीस वर्षं जगल्याची उदाहरणं आहेत. डोरी नको. ती फूटभर वाढते, तुमची टाकी दोन फुटांची.

मासे क्रॉफर्ड मार्केटकडून आणणार असाल तर थर्माकोलचा डबा घेऊन जा आणि दुपारची लोकल पकडा. कोपरला फास्ट थांबत नाही, सीएसएमटीपासून सव्वा तासाचा तरी प्रवास धरा. संध्याकाळच्या गर्दीत माशांची पिशवी सांभाळायचं धाडस करू नका. घरी आल्यावर पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग वाटी-वाटीने टाकीचं पाणी तिच्यात मिसळा. मासा जाळीने उचलून सोडायचा. पिशवीतलं पाणी टाकीत नाही, मोरीत. त्या दिवशी लाइट लावू नका. सेल्फी उद्या.

आणि गणपतीत गावाला जाणार असालच. तिकिटं काढायच्या आधी शेजारच्या काकूंना विश्वासात घ्या. काचेवरची रेघ दाखवा, आरओ पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, रोजचं खाणं गोळ्यांच्या डबीत वारानुसार मोजून ठेवा आणि उरलेला डबा कपाटात टाकून कुलूप लावा. काकू प्रेमळ असतात. माशाने मान वर केली की त्यांना तो उपाशीच वाटतो.