नाण्यावरची पळी

लक्ष्मीपूजनाला आमच्या राजुऱ्यात पाटावर जी चांदीची नाणी मांडतात, त्यांत राणीछाप रुपया असतो तसा चारमिनारचा हाली शिक्काही असतो. १९४८ पर्यंत हा भाग निजामी राज्यात होता, तेव्हा यात नवल नाही. हळदकुंकू वाहताना छाप कोणाचा हे मात्र कोणी पाहत नाही. चांदी तेवढी लक्ष्मी!

रोमन राजे छापाबाबत फार जागरूक होते. सम्राट ऑगस्टसच्या एका चांदीच्या नाण्यावर पुढे त्याचे मुख, मागे गायस व ल्युसियस हे त्याने दत्तक घेतलेले दौहित्र ढालीभाले घेऊन उभे. त्यांच्यावर एक पळी आणि टोकाशी वळलेली काठी. पळी पुरोहिताची, काठी पक्ष्यांवरून शकुन सांगणाऱ्याची. मुलांना ही धर्मपदे दिलेली होती. गादीचे वारस कोण, हे प्रजेला असे धर्माच्या खुणांनी कळवले! हे नाणे भारतात वारंवार सापडते. तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्लीला तर १,५३१ रोमन चांदीची नाणी एकत्र मिळाली.

पण मला आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके वाटते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. पुढे त्याचा मुखवटा व ग्रीक अक्षरे, मागे बाण आणि वज्र. त्याला जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर तसाच आपला ठसा मारला: एकीकडे तीन कमानींची खूण, दुसरीकडे अधिकच्या टोकांना चार वर्तुळे. काहींवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. (हा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर? शेतात सापडलेले गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे; तो किती जणांना ठाऊक असतो?)

त्या तीन कमानींना पुस्तके सर्रास ‘चैत्य’ म्हणतात, आणि मग कोणी सातवाहनांना बौद्ध ठरवून मोकळे होतो. मला हे पटत नाही. काही विद्वान त्यात डोंगर पाहतात. शिवाय एका छापावरून धर्म ठरवायचा, तर चारमिनारला हळदकुंकू वाहणारे आम्ही कोण ठरू? नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. त्यात ती मुलाला अद्वितीय ब्राह्मण म्हणते, आणि त्याच लेखात ते लेणे भद्रायणीय बौद्ध भिक्षूंना दान देते.